सावित्रीकाठी मगरी बघायच्या असतील तर…

महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री पोलादपूर, महाड करत अरबी समुद्राला मिळते. महाडजवळच्या तिच्या पात्रात मगरींची चांगली वस्ती आहे.

🐊 कधी बघाल? हिवाळ्यात ऊन चढलं की त्या काठावर येऊन पडतात. जबडा उघडा दिसला तर घाबरू नका. शरीराचं तापमान राखायची ती पद्धत आहे. उन्हाळ्यात मादी काठाच्या मातीत अंडी घालते, पावसाच्या तोंडावर पिल्लं बाहेर येतात. घरट्यातल्या तापमानावर नर की मादी हे ठरतं!

♨️ जोडीला महाडजवळच सवची गरम पाण्याची कुंडं बघा. जमिनीतल्या भेगांतून खोल मुरलेलं पाणी तापून वर येतं. वज्रेश्वरीपासून राजापूरपर्यंत कोकणात अशा झऱ्यांची रांगच आहे.

⚠️ दुर्बीण घ्या, पुलावरून किंवा उंच काठावरून बघा. पाण्यात उतरू नका, दगड मारू नका, खाणं टाकू नका. मगरीला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. मेलेली जनावरं खाऊन ती नदी स्वच्छ ठेवते. आपण निदान प्लास्टिक तरी टाकू नये.

#सावित्री #महाड #पोलादपूर