वाफेच्या लाँचची चालती प्रतिकृती

वाफेच्या लाँचची चालती प्रतिकृती म्हणजे लहान बाष्पनौकेचे प्रमाणबद्ध लघुरूप होय. तिच्यातील बॉयलर (बाष्पित्र) प्रत्यक्ष वाफ तयार करतो, त्या वाफेवर एंजिन फिरते आणि नौका पाण्यावर चालते. शोभेच्या किंवा विजेच्या मोटरीवर चालणाऱ्या नौका-नमुन्यांपासून ती याच बाबतीत वेगळी ठरते. लाकूड आणि पत्रा हव्या त्या प्रमाणात लहान करता येतो. पाणी, आग आणि दाब यांना मात्र ते प्रमाण लागू पडत नाही. प्रतिकृतीच्या रचनेतील बहुतेक निर्णय या विसंगतीतून घेतले जातात.

पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकात मोठ्या जहाजांवरून माणसांची ने-आण करण्यासाठी, तसेच नद्या व सरोवरांतील जलविहारासाठी वाफेच्या लाँच वापरात होत्या. इंग्लंडमधील टेम्स नदी आणि विंडरमिअर सरोवर यांवरील लाँच विशेष प्रसिद्ध आहेत. सुमारे १८५० मध्ये बांधलेली ‘डॉली’ ही लाँच १८९५ मध्ये अल्सवॉटर सरोवरात बुडाली. ती १९६२ मध्ये वर काढून दुरुस्त करण्यात आली आणि आता विंडरमिअर येथील संग्रहालयात आहे. मराठीत ‘लाँच’ हा शब्द मुंबई बंदरातील प्रवासी बोटींसाठी आजही रूढ आहे. मात्र त्या बोटी डिझेलवर चालतात.

छंद म्हणून लघुयंत्रे घडवण्याची परंपरा इंग्लंडमध्ये जुनी आहे. ‘मॉडेल एंजिनिअर’ हे या विषयाला वाहिलेले नियतकालिक पर्सिव्हल मार्शल यांनी १८९८ मध्ये सुरू केले.

प्रमाणाचे गणित

९ मीटर लांब, ३ टन वजनाची आणि ताशी ६ सागरी मैल वेगाने जाणारी लाँच १:९ या प्रमाणात करायची आहे, असे समजू. प्रतिकृतीची लांबी १ मीटर होते. वजन मात्र लांबीच्या घनाच्या प्रमाणात घटते. म्हणजे ते ७२९ पटींनी कमी होऊन सुमारे ४.१ किलोग्रॅम उरते. सांगाडा, बॉयलर, एंजिन, पाणी आणि इंधन या सर्वांना मिळून एवढ्याच वजनात बसावे लागते, अन्यथा नौका जलरेषेच्या खाली दबते.

वेगासाठी विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याचा नियम वापरतात. नौकेमुळे उठणाऱ्या लाटांचे रूप कायम राखायचे असेल, तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळाने कमी करावा लागतो. ९ चे वर्गमूळ ३ असल्यामुळे प्रतिकृतीचा वेग ताशी २ सागरी मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे १ मीटर असावा. काठावरून रमतगमत चालणारा माणूस तिच्याबरोबर राहू शकतो.

याच नियमानुसार लागणारी शक्ती दोन हजारांहून अधिक पटींनी घटते. मूळ नौकेला १० अश्वशक्ती लागत असतील, तर प्रतिकृतीला साडेतीन वॅटही पुरतात. परंतु मिनिटाला १५ ग्रॅम वाफ तयार करण्यासाठीच पाण्याला सुमारे ६५० वॅट उष्णता द्यावी लागते. लहान पात्राचा पृष्ठभाग त्याच्या घनफळाच्या मानाने मोठा असल्यामुळे उष्णता झपाट्याने निसटते. म्हणूनच बॉयलरभोवती उष्णतारोधक थर देऊन त्यावर लाकडी पट्ट्या बसवतात; त्या केवळ शोभेच्या नसतात.

बॉयलर

दाब लहान होत नाही. ४ बार दाब प्रतिकृतीतही प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर तितकाच जोर लावतो. ७५ मिमी व्यासाच्या बॉयलरच्या प्रत्येक टोकाच्या तबकडीवर या दाबाने सुमारे १८० किलोग्रॅम भार येतो, म्हणजे दोन-तीन प्रौढ माणसांचे वजन. हा भार पेलण्यासाठी दोन्ही टोकांना जोडणारी आतील ज्योतनळी आणि आधारदांडे आवश्यक असतात.

बॉयलर सामान्यतः तांब्याचा करतात, कारण तांबे उष्णता चांगली वाहून नेते आणि गंजत नाही. झडपा बसवण्याचे आटे असलेले भाग काशाचे असतात. पितळ तेथे टाळतात. गरम पाण्याच्या संपर्कात त्यातील जस्त हळूहळू निघून जाते आणि धातू ठिसूळ होतो. जोड चांदीयुक्त मिश्रधातूने झाळकाम करून पक्के करतात. हा मिश्रधातू ६०० अंश सेल्सिअसच्या वर वितळतो. विजेच्या तारा जोडण्याचा कथील-शिशाचा डाख १८३ अंशांपासूनच वितळू लागतो. ४ बार दाबाला पाणी सुमारे १५२ अंशांना उकळते, त्यामुळे अशा डाखाला सुरक्षिततेची पुरेशी मर्यादा उरत नाही. झाळकामाच्या उष्णतेने तांबे मऊ पडते; म्हणून जाडीचा हिशेब कडक तांब्यावरून न करता मऊ तांब्याच्या ताकदीवरून करतात.

चाचणी

पाणी वाफ होताना वातावरणीय दाबाला सुमारे १,६०० पटींनी फुगते. त्यामुळे बॉयलर फुटल्यास त्यातील तप्त पाण्याचा काही भाग तत्क्षणी वाफ होऊन स्फोट होतो. चाचणी वाफेने किंवा हवेने न करता थंड पाण्याने करण्याचे कारण हेच आहे. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, म्हणून त्यात ऊर्जा फारशी साठत नाही आणि सदोष जोड केवळ गळतो. ब्रिटनमधील छांदिष्टांच्या संस्थांत नव्या बॉयलरची पहिली चाचणी कामाच्या दाबाच्या दुप्पट दाबाने आणि नंतरच्या चाचण्या दीडपट दाबाने घेण्याची पद्धत आहे. यानंतर आग पूर्ण पेटवून आणि वाफेचा मार्ग बंद ठेवून सुरक्षा झडप तपासतात. दाब ठरलेल्या मर्यादेच्या १० टक्क्यांहून अधिक चढता कामा नये.

भारतातील बॉयलरविषयक कायद्याच्या व्याख्येतून २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेची पात्रे वगळलेली आहेत. परिणामी एवढ्या लहान बॉयलरच्या सुरक्षिततेची जबाबदारी प्रामुख्याने बनवणाऱ्यावरच येते.

एंजिन आणि इंधन

सर्वांत सोप्या एंजिनात सिलिंडर स्वतःच डोलतो आणि त्या डोलण्यामुळे वाफेची छिद्रे उघडतात व मिटतात. सरकती झडप असलेले एंजिन अधिक वास्तव दिसते. काटकोनात बसवलेल्या क्रँकवर चालणारे दोन सिलिंडर असतील, तर दोन्ही बाजूंनी वाफ घेणारे एंजिन कोणत्याही स्थितीतून आपोआप सुरू होते. वंगणासाठी लहान तेलपात्र असते. त्यात वाफेचे पाणी होऊन तळाशी साचते आणि त्यावर तरंगणारे तेल थोडेथोडे वाफेच्या नळीत ढकलले जाते. बाहेर पडणाऱ्या वाफेतील तेल वेगळे करून साठवावे लागते, नाहीतर ते तळ्यात जाते.

इंधन म्हणून स्पिरिट किंवा ब्युटेन वायू वापरतात. ब्युटेन हवेपेक्षा सुमारे दुपटीने जड असतो. तो गळल्यास नौकेच्या तळाशी साचतो आणि ज्योत लावताच भडकतो. म्हणून वायूची टाकी नौकेबाहेर काढून भरतात आणि पेटवण्यापूर्वी सांगाड्यात हवा खेळवतात.

चालवणे

बॉयलर सर्वांत जड असल्यामुळे तो शक्य तितका खाली बसवतात आणि उरलेला तोल नीरमाने साधतात. पाणी क्षाररहित असावे, अन्यथा आत क्षारांचा थर धरतो. ७५ मिमी व्यासाच्या आणि १५० मिमी लांबीच्या बॉयलरमध्ये दोन-तृतीयांश पाणी भरल्यास ते सुमारे ४४० मिलिलिटर होते. त्यातील निम्मे वापरले, तर मिनिटाला १५ ग्रॅम या हिशेबाने सुमारे १५ मिनिटांची फेरी होते. निम्मे पाणी राखून ठेवतात, कारण ज्योतनळी उघडी पडली तर ती भाजून जोड निकामी होतात. पातळी काचनळीतून दिसेनाशी झाल्यास लगेच पाणी भरत नाहीत. आधी आग विझवून बॉयलर पूर्ण थंड होऊ देतात.