स्कीची पोलादी कड : तिची इजा व दुरुस्ती

इंग्रजी 'एज' या शब्दाला मराठीत 'धार' हा प्रतिशब्द आपण फारसा विचार न करता योजतो. सुरीची, विळीची, तलवारीची 'एज' म्हणजे धार, यात वादाला जागा नाही. तेव्हा बर्फावरून घसरत जाण्याच्या स्कीला तळाशी दोन्ही बाजूंनी जी पोलादी पट्टी बसविलेली असते, तिलाही धार म्हणावे असे कोणाच्याही मनात येईल. परंतु हा शब्द मनात धरून जो कोणी ती पट्टी नीट करावयास बसेल तो ती बहुधा बिघडवील, आणि एकदा घासून गेलेले पोलाद परत येत नाही. पारिभाषिक शब्द ठरविण्यापूर्वी वस्तू समजून घ्यावी, हे आपण विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. प्रस्तुत लेखात हे तत्त्व एका अपरिचित, पण बोधप्रद वस्तूला लावून पाहावयाचे आहे.

जर्मन भाषा येथे आपल्याला वेळीच सावध करते. तीत सुरीच्या धारेला 'श्नाइडे' म्हणतात, स्कीच्या पट्टीला मात्र 'श्टाल-कान्टे', म्हणजे पोलादी कड. नॉर्वेजियन भाषेतही 'एग' ही सुरीची आणि 'कान्ट' ही पेटीची, टेबलाची वा स्कीची. ही 'एग' इंग्रजी 'एज'ची सख्खी बहीण. इंग्रजीने मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात कोंबले, आणि तो घोटाळा भाषांतरातून आपल्याकडे येतो. 'कान्टे' या शब्दाचा माग काढीत गेल्यास लॅटिनमधील 'कान्तुस' लागतो. त्याचा अर्थ चाकावर चढविलेली लोखंडी पट्टी, म्हणजे आपल्या गाड्याची धाव. लाकडाच्या काठाला झीज लागू नये म्हणून लोखंड बसवावे, ही कल्पना शब्दाच्या पोटातच आहे. 'एज'च्या मूळ धातूचे संस्कृतातील अपत्य 'अश्रि', म्हणजे कोन किंवा टोकदार कड. 'चतुरश्र'पासून आलेल्या मराठी 'चौरस' शब्दात ती आजही दडून बसलेली आहे. स्कीची कड ही या चौरसातील अश्रि होय, तलवारीची धार नव्हे.

आता वस्तूकडे वळू. स्कीचा तळ पॉलिएथिलीनचा असतो, त्यावर काचतंतू व राळ यांचे थर आणि मध्ये बहुधा लाकडाचा गाभा असतो. तळाच्या दोन्ही काठांना सुमारे दोन मिलिमीटर रुंद व तेवढीच जाड अशी पोलादाची कड दिसते. ती केवळ चिकटविलेली नसते. तिच्या आतल्या अंगाला चपटे दात असतात, ते तळ व काचतंतूंचा थर यांच्यामध्ये रुतलेले असतात, आणि त्यांच्या आधारावर कड जागी राहते. तळाच्या अंगाने ती अर्धा ते एक अंश उचललेली असते व बाजूच्या अंगाने एक ते तीन अंश आत घासलेली असते. तळाकडून एक व बाजूने दोन अंश घेतले तर कडेचा कोन एकोणनव्वद अंशांचा येतो. म्हणजे ही वस्तू जवळजवळ काटकोनी आहे. 'धार लावावयाची' म्हणून कोणी ती सुरीसारखी तीस-चाळीस अंशांवर आणली, तर ती पहिल्याच खडकावर वळेल.

तिचे काम कापण्याचे नसून धरून ठेवण्याचे आहे. मऊ बर्फात तिची फारशी गरज भासत नाही. वाऱ्याने व रात्रीच्या गारठ्याने घट्ट झालेल्या उतारावर मात्र माणसाचे सारे वजन या दोन मिलिमीटरांवर तोललेले असते. ऑस्ट्रियातील साल्झबर्ग भागातील गिर्यारोहक रुडॉल्फ लेटनर हे १९१७ साली टेनेनगेबिर्गे पर्वतात अशाच घट्ट उतारावरून घसरले. काठीच्या पोलादी टोकामुळे ते कसेबसे थांबले. लाकडी स्की जेथे हरली तेथे पोलाद टिकले, हे त्यांनी ध्यानात ठेवले, आणि १९२६ साली पोलादी कडेचे पेटंट घेतले. त्यांची कड अखंड नव्हती. लहान लहान तुकडे स्क्रूंनी लाकडात बसविलेले असत. त्यामुळे स्कीची लवचीकता कायम राही, आणि एखादा तुकडा तुटला तर तेवढाच बदलता येई. पुढे कड अखंड झाली व पकड सुधारली, पण दुरुस्तीची ती सोय गेली. तरीही आजच्या मोठ्या दुरुस्तीत आपण लेटनर यांच्याच युक्तीकडे परत जातो, हे पुढे दिसेल.

किरकोळ इजांचा विचार थोडक्यात आटोपता येतो. गंज चढला तर बारीक कुरुंदाच्या दगडाने तो उतरतो. (पाश्चात्यांचा 'कोरंडम' हा शब्द दक्षिण भारतातूनच तिकडे गेला, हे जाता जाता नमूद करतो.) कडेवर धातूचा वळलेला, बोटाला टोचणारा पापुद्रा निघाला असेल तर तोही दगडानेच जातो. निसण्यावर सुरी फिरविण्याची सवय असलेल्या हाताला हे काम जड नाही. फक्त दगड कोनमापकाच्या आधाराने धरावा, नुसत्या अंदाजाने नव्हे.

खडकावर आपटलेल्या कडेची गोष्ट मात्र निराळी आहे, आणि नवशिके येथेच फसतात. ते थेट कानस उचलतात. कानस त्या जागेवरून नुसती घसरत जाते, आणि दोन-चार वेळा जोर लावला की तिचेच दात बोथट होतात. कानशीचे पोलाद कडेच्या पोलादाहून कितीतरी कठीण असताना असे का व्हावे? याचे उत्तर आपल्या लोहाराच्या बोलीत सापडते. तापविलेले पोलाद एकदम पाण्यात बुडवून कठीण करण्याच्या क्रियेला आपण 'पाणी देणे' म्हणतो. वेगाने जाणारी स्की खडकावर घासते, तेव्हा कडेचा अत्यंत पातळ थर क्षणार्धात सातशे अंशांच्या वर तापतो. लगेच मागच्या थंड पोलादाने व बर्फाने त्याची उष्णता शोषली जाते. म्हणजे खडकाने त्या जागेला नको असलेले पाणी दिले! धातुशास्त्रज्ञ या कठीण स्थितीतील पोलादाला आडोल्फ मार्टेन्स यांच्या नावावरून 'मार्टेन्साइट' म्हणतात. उपाय सोपा आहे. त्या डागावर प्रथम हिऱ्याच्या कणांचा भरड दगड, किंचित ओला करून, फिरवावा. घासण्याचा आवाज आधी कर्कश असतो, कठीण थर निघून गेला की तो मवाळ होतो. त्यानंतरच कानस चालवावी. खोल खांडा पूर्णपणे घालविण्याचा हट्ट मात्र धरू नये. एका खांड्यासाठी सबंध लांबीचे पोलाद झिजविण्यात शहाणपण नाही. त्याचे ओठ तेवढे गुळगुळीत करावेत.

कडेला आडवी चीर गेली तर पुष्कळांचा धीर सुटतो. वास्तविक ताण मुख्यतः काचतंतूंच्या थरांनी पेललेला असतो, त्यामुळे कड जागेवर घट्ट असेल तर चिरेने फारसे बिघडत नाही. तिची टोके सपाट घासावीत व तिच्यावर लक्ष ठेवावे. वितळजोड देण्याचा मोह मात्र टाळावा. पोलाद वितळण्याच्या कितीतरी आधी, शंभर अंशांच्या मागेपुढेच, आतील राळ मऊ पडू लागते.

खरी चिंतेची इजा म्हणजे कड स्कीपासून सुटणे. धक्क्याने ती सुटते हे उघड आहे, पण तापमानाचाही यात हात असतो. एकशे ऐंशी सेंटिमीटर लांबीची स्की वीस अंशांच्या खोलीतून उणे वीस अंशांत नेली, तर तिच्यातील पोलाद एक मिलिमीटरहूनही कमी आक्रसते, पण पॉलिएथिलीन मोकळे असते तर सुमारे एक सेंटिमीटर आक्रसले असते. ते चिकटलेले असल्यामुळे मोकळेपणी आक्रसू शकत नाही, आणि हा सारा ताण जोडावर पडतो. अशा जोडात केसाएवढी फट पडली की पाणी शिरते. ते गोठताना नऊ टक्क्यांनी फुगते व फट वाढविते. वाढलेल्या फटीत अधिक पाणी शिरते. म्हणून सुटलेल्या कडेची दुरुस्ती पुढच्या हंगामावर ढकलणे धोक्याचे असते.

ही दुरुस्ती करताना चिकटविण्यापेक्षा वाळविण्यावर अधिक वेळ खर्चावा लागतो. स्की उबदार खोलीत काही दिवस उभी ठेवावी, फट पातळ पात्याने हलकेच उघडी धरावी, आतील कचरा काढावा, पोलिश कागदाने दोन्ही पृष्ठे खरवडावीत व स्पिरिटने पुसावीत. विस्तवावर धरून वाळविण्याची घाई नको, त्याचे कारण वर आलेच आहे. मग मंद गतीने घट्ट होणारे एपॉक्सी योग्य प्रमाणात कालवून आत भरावे. पाच मिनिटांत घट्ट होणारे मिश्रण सोयीचे खरे, पण ओलाव्यापुढे ते कमी टिकते. मिश्रण किंचित कोमट केले की ते पातळ होऊन खोलवर उतरते. वरून मेणकागद ठेवावा, लाकडाचे ठोकळे लावावेत आणि दोन दिशांनी शिकंजे आवळावेत. एक तळावर दाबणारा, दुसरा कड आत ढकलणारा. फार आवळल्यास सारे एपॉक्सी बाहेर येते व जोड उपाशी राहतो. वीस अंशांच्या खोलीत एक पूर्ण दिवस त्याला हात लावू नये.

कडेचा तुकडाच गेला असेल तर लेटनर यांचे स्मरण करावे. एखाद्या निकामी स्कीतून तेवढ्याच जाडीची कड दातांसह कापून घ्यावी. जखमी भागाभोवतीचा तळ चौकोनी कापावा, मोडकी कड दोन्ही बाजूंना तिरकी कापावी, आणि नवा तुकडा त्याच तिरकेपणाने बसवावा. तिरका सांधा बर्फात अडत नाही. दातांना छिद्रे पाडून आखूड, बसक्या डोक्याचे स्क्रू गाभ्यात घ्यावेत व एपॉक्सीत बुडवावेत. स्क्रूची लांबी स्कीच्या जाडीशी आधी ताडून पाहावी, नाहीतर टोक वरून बाहेर यावयाचे! पायाखालच्या भागात, जेथे सर्वांत अधिक भार पडतो, तेथे हे श्रम सार्थकी लागतात. शेपटाजवळ स्की इतकी पातळ असते की तेथे पोकळी एपॉक्सीने भरून समाधान मानलेले बरे.

हे सर्व घरच्या टेबलावरचे झाले. रानातल्या बर्फावर परिस्थिती वेगळी असते. नॉर्वेतील हार्डांगरविद्दा या पठारावर झोपड्यांच्या साखळीतून जाणारा प्रवासी पाहा. नॉर्वेजियन पर्यटन संघाची स्थापना १८६८ साली झाली, आणि त्याच्या झोपड्या बहुधा एक दिवसाच्या चालीच्या अंतरावर असतात. दुपारी कड सुटून बाहेर आली तर ती प्रत्येक पावलाला बर्फात अडते, स्कीला वळविते व स्वतः अधिकच उचकटते. एपॉक्सी येथे निरुपयोगी, कारण पाच अंशांच्या खाली ते घट्टच होत नाही म्हणावयास हरकत नाही. उपाय यांत्रिकच हवा. कड दाबून बसत असेल तर तार, पट्टा किंवा एखादा स्क्रू. तळावरून गुंडाळलेली चिकटपट्टी थोड्याच अंतरात झिजते, म्हणून जादा पट्टी जवळ असावी. कड बसतच नसेल तर बाहेर आलेला भाग पकडीने वा छोट्या करवतीने कापून टाकावा, आणि पुढे तोंड करून राहिलेले थोटूक तिरके घासावे. तेवढ्या लांबीत पकड जाईल, म्हणून पुढची वाट सौम्य उतारांची निवडावी लागेल. पण अडणाऱ्या कडेपेक्षा नसलेली कड परवडते.

घरी केलेला जोड पारखण्याची रीत अशी. स्कीला मध्ये नैसर्गिक उंचवटा असतो, तो हाताने दाबून सपाट करावा व जोडाची रेघ उघडते का ते पाहावे. कापसाचा बोळा कडेवरून फिरवावा, जेथे तंतू अडकतील तेथे अजून खडबडीतपणा आहे. पहिल्या फेरीनंतर स्की खोलीत आणून पुसावी, तासाभराने जोडावर अंगठा दाबून पाहावा. पाण्याचा थेंब बाहेर आला तर जोड उघडून वाळविण्यापासून पुन्हा आरंभ करावा.