क्राइम मॅप कसा बनतो? ‘हॉटस्पॉट’ म्हणजे नक्की काय आणि तुमच्या मोबाईलच्या तक्रारीचा त्याच्याशी काय संबंध?

“त्या भागात रात्री जाऊ नको, तिथं चोऱ्या होतात” हे वाक्य अमरावतीत काय आणि अकोल्यात काय, आपण सगळ्यांनी घरच्यांकडून ऐकलेलं असतं. पण किती चोऱ्या? कोणत्या वेळी? आणि हे मोजलं कोणी? असं विचारलं की घरात कोणाकडेच उत्तर नसतं. गुन्हेशास्त्राचा अभ्यास करणारे लोक हेच प्रश्न विचारतात आणि त्यांची उत्तरं नकाशावर शोधतात. आता हे काम सॉफ्टवेअर करू लागलंय. म्हणूनच ते कसं चालतं हे आपल्याला माहीत असायला हवं.

आधी एक गोंधळ दूर करू

टीव्हीवरच्या मालिकांमुळे आपल्याला वाटतं, गुन्ह्याचा अभ्यास म्हणजे बोटांचे ठसे आणि रक्ताचे डाग. ते न्यायवैद्यक शास्त्र. अमरावतीतही प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा आहे. तिथं एखाद्या केसमधले नमुने तपासले जातात आणि ‘हा गुन्हा कसा झाला, कोणी केला’ यासाठी पुरावा मिळतो.

गुन्हेशास्त्रज्ञाचा प्रश्न वेगळा असतो. तो एका चोरीकडे न बघता हजार चोऱ्या एकत्र बघतो. त्या याच चौकात का झाल्या? संध्याकाळीच का झाल्या? दहा वर्षांपूर्वीही तिथंच व्हायच्या का?

पहिला नकाशा जवळपास दोनशे वर्षांपूर्वीचा

१८२९ मध्ये फ्रान्समध्ये आंद्रे-मिशेल गेरी आणि आद्रियानो बाल्बी या दोघांनी न्यायालयांचे आकडे घेऊन देशाचे नकाशे रंगवले. कुठं मारामाऱ्या जास्त, कुठं चोऱ्या जास्त आणि कुठं शिक्षण जास्त, असे तीन नकाशे शेजारी शेजारी ठेवले. शिक्षण वाढलं की गुन्हे कमी होतात असं तेव्हा सगळे धरून चालत होते. नकाशात मात्र बऱ्याच शिकलेल्या भागांत चोऱ्या जास्त निघाल्या. तिथं चोरण्यासारखं काही तरी होतं, हे त्यामागचं एक साधं कारण असू शकतं.

आपल्याकडे ‘भारतातील गुन्हे’ हा वार्षिक अहवाल १९५३ पासून निघतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरो म्हणजे एनसीआरबी १९८६ मध्ये सुरू झाला. २००९ मध्ये सीसीटीएनएस या प्रकल्पाला मंजुरी मिळाली. त्यातून देशभरातली पोलीस ठाणी एका नेटवर्कला जोडली गेली. राजापेठ असो की अकोल्याचं जुने शहर ठाणं, एफआयआर आता कॉम्प्युटरवर नोंदवला जातो आणि त्यातूनच पुढचे आकडे तयार होतात.

हॉटस्पॉट म्हणजे अख्खा मोहल्ला नाही

हॉटस्पॉट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर एखादी वस्ती येते. पण १९८९ मध्ये लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरातले पोलिसांना आलेले एका वर्षाचे कॉल तपासले. निम्मे कॉल शहरातल्या फक्त ३ टक्के पत्त्यांवरून आलेले होते. ज्या भागांना लोक ‘खराब’ म्हणायचे, तिथलेही बहुतेक पत्ते शांतच होते. पुढे इतर अनेक शहरांत केलेल्या अभ्यासांतही असंच दिसलं.

म्हणजे ‘अमुक मोहल्ला बेकार आहे’ हे वाक्य बहुतेक वेळा चुकीचं असतं. त्रास एखाद्या वळणाचा, एखाद्या बंद गोडाऊनच्या मागच्या बोळीचा किंवा दिवा नसलेल्या पार्किंगचा असतो. त्यावर उपायही मग लहानच लागतो. दिवा लावा, ऑटो स्टँड हलवा, गर्दीच्या तासाला एक शिपाई उभा करा.

तीन गोष्टी जुळल्या की चोरी होते

१९७९ मध्ये लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन यांनी एक सोपी मांडणी केली. गुन्हा व्हायला तीन गोष्टी एकाच ठिकाणी, एकाच वेळी लागतात:

१. गुन्हा करायची तयारी असलेला माणूस
२. सोपं लक्ष्य
३. राखणाऱ्याची गैरहजेरी

समजा, बडनेरा स्टेशनवर तुम्ही चार्जिंगला मोबाईल लावला आणि चहा आणायला गेले. लक्ष्य तयार आहे, राखणारं कोणी नाही. तिसरा माणूस आला की झालं. मोबाईल तर चोरासाठी अगदी सोयीचा. हलका, महाग, खिशात मावणारा आणि लगेच विकला जाणारा.

पण यातली एक गोष्ट काढून घेतली तरी साखळी तुटते. केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून चोरीचा फोन आयएमईआय नंबरने ब्लॉक करता येतो. ब्लॉक झालेल्या फोनवर भारतातल्या कोणत्याही कंपनीचं सिम चालत नाही. म्हणजे चोराच्या हातात फक्त डबडं उरतं. जितके जास्त लोक ब्लॉक करतील, तितकी चोरीच्या फोनची किंमत कमी होईल.

घरफोड्यांच्या अभ्यासात आणखी एक कामाची गोष्ट सापडली. एका घरात चोरी झाली की पुढचे काही आठवडे त्याच घराला आणि आसपासच्या घरांना धोका वाढतो. चोराला रस्ता, कुलूप, कुत्रा सगळं माहीत झालेलं असतं. त्यामुळे शेजारी चोरी झाली की “आपल्याकडे थोडी झाली” म्हणून बसू नका, त्याच आठवड्यात कडीकोयंडा बघून घ्या.

‘अकोला नंबर वन’ असा मेसेज आला तर

आकडे वाचतानाही फसायला होतं. समजा, एका वर्षात अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांत प्रत्येकी १,००० चोऱ्या नोंदल्या गेल्या. हा आकडा फक्त उदाहरणासाठी घेतलाय. दोघं सारखेच वाटतात. पण २०११ च्या जनगणनेत अमरावती जिल्ह्याची लोकसंख्या होती २८,८८,४४५ आणि अकोल्याची १८,१३,९०६. दर लाख लोकांमागे काढलं तर अमरावतीत साधारण ३५ आणि अकोल्यात ५५ चोऱ्या होतात. म्हणून नुसता आकडा न बघता दर बघायचा.

दुसरी अडचण जास्त मोठी आहे. नकाशावर फक्त नोंदलेला गुन्हा दिसतो. मोबाईल चोरीला गेला, पण “कोण चकरा मारते ठाण्याच्या” म्हणून तुम्ही गेलेच नाही, तर तो ठिपका नकाशावर येत नाही. चोरी झाली पण अर्जात ‘गहाळ’ लिहिलं, तरी चोरीचा ठिपका येत नाही. मग त्या चौकात सगळं ठीक आहे असं कॉम्प्युटर समजतो आणि गस्त दुसरीकडं जाते. याउलट, एखाद्या ठाण्यात तक्रारी नीट घेतल्या जाऊ लागल्या की आकडे वाढतात आणि लोकांना वाटतं गुन्हे वाढले.

नकाशा माणसांवर काढला तर? वऱ्हाडचा इतिहास बघा

आतापर्यंत आपण जागांबद्दल बोललो. पण आपल्याकडे एक काळ असा होता की नोंद जागेची न होता जातीची व्हायची. १८८२ मध्ये मेजर गन्थॉर्प या अधिकाऱ्याचं ‘गुन्हेगार जमातीं’वरचं इंग्रजी पुस्तक मुंबईत छापलं गेलं. त्याच्या नावातच मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत असा उल्लेख आहे. पोलिसांच्या नजरेतून लिहिलेलं हे पुस्तक अख्ख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार धरून चालतं.

त्याआधीच, १८७१ मध्ये, इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला होता. १९११ आणि १९२४ मध्ये तो आणखी वाढवला. जमातीचं नाव यादीत गेलं की माणसाची नोंद, ठाण्यात हजेरी आणि गाव सोडायला परवाना. गुन्हा केला असो वा नसो. फासे लावून शिकार करणारे फासेपारधी, जात्याला टाकी लावणारे टाकणकर अशा पोटापाण्यासाठी फिरणाऱ्या लोकांकडे याच चष्म्यातून पाहिलं गेलं. ३१ ऑगस्ट १९५२ ला हा कायदा रद्द झाला. म्हणून तो दिवस ‘विमुक्त दिन’ म्हणून पाळतात.

कायदा गेला तरी संशय गेला नाही. अमरावती जिल्ह्यातल्या नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा इथं मतीन भोसले यांनी फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ नावाची आश्रमशाळा काढली. शाळेचं नावच पुरेसं बोलकं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं तुरुंगांतल्या जातीवर आधारलेल्या कामाच्या वाटणीला घटनाबाह्य ठरवलं. त्याच निकालात विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये, असंही पोलिसांना बजावलं.

आता हेच एआय करणार असेल तर?

महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये ‘मार्व्हल’ नावाची कंपनी स्थापन केली. नागपूरच्या आयआयएमला सोबत घेऊन पोलिसांसाठी एआय साधनं तयार करणं हे तिचं काम. तपास लवकर व्हावा, नोंदी पटकन जुळाव्यात, यासाठी हे उपयोगी आहेच.

पण एआय शिकतं कशावरून? जुन्या नोंदींवरून. २०१६ मध्ये क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी अमेरिकेतल्या ओकलंड शहराच्या अमली पदार्थांच्या नोंदी घेऊन अंदाज बांधणारं सॉफ्टवेअर चालवून पाहिलं. नशा करणारे साधारण सगळ्या शहरात पसरलेले होते. सॉफ्टवेअर मात्र पोलिसांना पुन्हा पुन्हा कृष्णवर्णीय आणि गरीब वस्त्यांमध्येच पाठवू पाहत होतं, कारण जुन्या नोंदी तिथल्याच होत्या. पोलीस तिथं गेले की तिथंच अटक होते, नवी नोंद तिथलीच आणि पुढचा अंदाजही तिथलाच. २०२० मध्ये लॉस एंजेलिस पोलिसांनी असं सॉफ्टवेअर वापरणं बंद केलं. सांताक्रूझ शहरानं तर त्यावर बंदीच घातली.

आता विचार करा. ज्या तांड्यावर शंभर वर्षं संशयानं नोंदी झाल्या, त्या नोंदी उद्या एआयला खाऊ घातल्या तर ते काय शिकेल? म्हणून कोणतंही क्राइम सॉफ्टवेअर आलं की पहिला प्रश्न हाच: हे जागेचा अंदाज सांगतं की माणसाचा? दिवा नसलेल्या बोळीला ‘धोक्याची’ म्हटलं तर तिथं दिवा लागतो. एखाद्या पोराला ‘धोक्याचा’ म्हटलं तर त्याचं आयुष्य अडकतं.

तुम्ही काय करू शकता?

- मोबाईल चोरीला गेला तर अर्जात ‘चोरी’ असंच लिहा. जागा आणि वेळ नेमकी लिहा. ‘मार्केटमध्ये’ असं मोघम न लिहिता कोणता चौक, कोणतं दुकान ते लिहा.
- १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार कोणत्याही ठाण्यात ‘झिरो एफआयआर’ देता येतो. ऑनलाइन दिला तर तीन दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते.
- आजच *#०६# डायल करून आयएमईआय नंबर कागदावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमधून बघता येत नाही!
- ऑनलाइन पैसे गेले तर लगेच १९३० ला कॉल करा. सायबर गुन्ह्यात फसवणारा दुसऱ्या राज्यात बसलेला असू शकतो. अशा नंबरांची ठिकाणं नकाशावर दाखवायला केंद्राची ‘प्रतिबिंब’ यंत्रणा आहे. पण तक्रारच नसेल तर नंबर तिच्यापर्यंत पोहोचणार कसा?
- एखाद्या वस्तीला किंवा समाजाला चोर ठरवणारा मेसेज ग्रुपवर आला तर पुढं ढकलू नका. आकडा कुठला, कोणत्या वर्षाचा आणि लाखामागे किती, एवढं विचारा. बहुतेक वेळा समोरून उत्तरच येत नाही.

माहिती कामाची वाटली तर बडनेऱ्याहून रोज अप-डाऊन करणाऱ्या तुमच्या मित्राला नक्की पाठवा. आणि त्याला आधी आयएमईआय लिहून ठेवायला सांगा.