दाराचे फुटलेले तावदान

दाराची काच फुटली म्हणून दारच बदलावे लागत नाही. दिल्लीजवळच्या गाझियाबादेत उन्हाळ्यात लू वाहते, पावसाळ्यात हवा दमट होते. त्यानुसार लाकूड आटते व फुगते, काच मात्र तशीच राहते. म्हणूनच खाचेत घट्ट बसविलेले तावदान पुन्हा तडकते. नवी काच खाचेहून रुंदी-उंचीत सुमारे ३ मिलिमीटर कमी असावी. जाड हातमोजे घालून तुकडे काढावेत. जुन्या पट्ट्या जपून उकलल्यास पुन्हा वापरता येतात. खडूची भुकटी जवसाच्या तेलात मळली की लांबी तयार होते. काटकसर येथवरच. दारावर माणसे आदळतात. तेव्हा काच टफन्डच घ्यावी, फुटली तरी तिचे बोथट कण होतात. ती मागाहून कापता येत नाही. माप आधीच नीट घ्यावे.