हत्तीची चाल आणि रस्त्यावरील मोकाट गुरें

भातकापणी होऊन खळीं उठलीं, कीं गुरें मोकळीं सोडावयाचीं, ही कोंकणांतील जुनी वहिवाट. रस्त्यानें बैलगाड्या जात होत्या तोंवर तींत फारसा धोका नव्हता. हल्लीं लोधिवलीवरून जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारी धांवतात, आणि त्याच डांबरावर रात्रीं गुरें येऊन बसतात. यांत आपल्या गुरांचें व वाटसरूंचें काय होतें, हें नीट समजण्यासाठीं पदार्थविज्ञानांतील दोन गोष्टी शेतकरी बंधूंनीं लक्षांत घ्याव्या. एक वस्तुमान व दुसरी संवेग.

वस्तुमान म्हणजे पदार्थांत द्रव्य किती आहे याचें माप. पृथ्वी त्या द्रव्यास जितक्या जोरानें खालीं ओढते, तें त्याचें वजन. दोन्ही एकच नव्हेत. पाण्यावर तरंगणाऱ्या भरल्या होडीचा भार पाणी तोलून धरतें. तरी ती ढकलूं लागलें असतां सहजासहजीं जागची हालत नाहीं, आणि एकदां चालूं लागली म्हणजे हातानें चटकन् थांबत नाहीं. हालण्यास व थांबण्यास होणारा हा विरोध, तोच वस्तुमानाचा गुण होय. चालती वस्तु थांबविणें किती कठीण, हें मात्र केवळ वस्तुमानावर ठरत नाहीं. वेगही पाहावा लागतो. वस्तुमानास वेगानें गुणिलें म्हणजे जें येतें, तो संवेग.

पूर्ण वाढलेल्या नर हत्तीचें वस्तुमान सुमारें ४,००० किलो धरूं. तो सेकंदास १ मीटर, म्हणजे ताशीं साडेतीन किलोमीटरांच्या जरा वर, अशा रमतगमत चालीनें निघाला, तर त्याचा संवेग ४,००० झाला. ४०० किलोच्या बैलास तितका संवेग येण्यास ताशीं ३६ किलोमीटर धांवावें लागेल. २५ किलोच्या शेळीस ताशीं ५७६ किलोमीटर धांवावें लागेल, जें कोणत्याही शेळीस शक्य नाहीं. २००२ सालीं कर्नाटकांतून सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या दोडामार्ग तालुक्यांत रानटी हत्ती उतरले, तेव्हां तेथील केळी-माडांच्या बागाइतदारांस याचा कडू अनुभव आला. जें कुंपण चालत्या बैलास थोपवितें, त्यावर त्याच चालीनें हत्ती आला तर कुंपणास दसपट संवेग जिरवावा लागतो.

आतां रस्त्याकडे वळूं. फटफटी व तीवरील माणूस मिळून २०० किलो धरा. ती ताशीं ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदास २० मीटर, वेगानें चालली असतां तिचा संवेग पुन्हां ४,०००. दिसावयास हलकी फटफटी चालत्या हत्तीच्या तोडीची झाली! १६,००० किलोची भरलेली मालमोटार त्याच वेगानें गेली, तर संवेग ३,२०,०००. म्हणजे ऐंशी हत्ती.

टक्कर झाली असतां संवेग नाहींसा होत नाहीं, तो वाटला जातो. रस्त्यांत बसलेल्या ४०० किलोच्या बैलावर ती फटफटी आदळून दोन्ही एकत्र पुढें सरकलीं असें धरलें, तर ४,००० संवेग ६०० किलोंत वाटला जाऊन वेग ताशीं ७२ वरून २४ वर येतो. हा बदल क्षणार्धांत होतो, आणि तो हाडामांसाच्या मनुष्यास सोसत नाहीं. मालमोटार आदळली तर तिचा वेग ७२ वरून जेमतेम ७० होतो. बैल मात्र शून्यावरून ७० वर फेकला जातो. पहिल्या टकरींत मनुष्य जातो, दुसरींत बैल.

संवेग जिरविण्यास जितका अधिक वेळ मिळेल, तितका जोर कमी लागतो. नारळ दगडावर पडला तर फुटतो, पेंढ्यावर पडला तर वांचतो, तें यामुळेंच. जाणता गाडीवान उतार लागण्यापूर्वींच गाडी हळू करतो. उतारावर ती एकदम थांबवूं गेल्यास साऱ्या भाराचा रेटा बैलांच्या मानेवर येतो. ट्रॅक्टरमागील भरल्या ट्रॉलीचेंही तसेंच.

मोटारचालकास मात्र रात्रीं हा वेळ मिळत नाहीं. काळें जनावर दिव्याच्या उजेडांत फार जवळ आल्यावर दिसतें. तें दिसून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला, तरी वरील वेगानें वाहन २० मीटर पुढें आलेलें असतें. पुढें वेग दुप्पट असेल तर संवेग दुप्पट होतो, परंतु ब्रेक दाबल्यानंतर थांबण्यास लागणारें अंतर चौपट होतें. चालकानें वेग आंवरावा हें खरेंच. पण तेवढ्यानें आपली जबाबदारी टळत नाहीं.

गुरें मोकळीं सोडण्यांत वैरण वांचते, हें आम्ही जाणतों. तथापि वांचलेल्या वैरणीपेक्षां गेलेल्या बैलाची किंमत कितीतरी अधिक, आणि गेलेल्या माणसाची किंमत तर करतांच येत नाहीं. यासाठीं रस्त्यालगतच्या गांवांनीं पाळीनें गुराखी ठेवावा, व त्याचा खर्च ज्याच्या गुरांच्या संख्येप्रमाणें त्यानें द्यावा. दिवस मावळण्यापूर्वीं गुरें दाव्यास बांधावीं. गळ्यांत, तसेंच गाडीच्या व ट्रॉलीच्या मागें, उजेडांत चमकणारी पट्टी लावावी. ऐंशी हत्तींस अडविण्याचें बळ कोणत्याही बैलांत नाहीं. त्यांच्या वाटेंत त्यास जाऊं न देणें, एवढें मात्र आपल्या हातीं आहे.