मे महिन्यात काय: इंटर्नशिप की संशोधन?

नववी-दहावीच्या मुलांचे पालक हल्ली विचारतात, "सुट्टीत इंटर्नशिप लावू का?" माझं मत सांगतो: या वयात ऑफिसात खुर्ची मिळते, काम क्वचितच. त्यापेक्षा काकांच्या वर्कशॉपमध्ये व्हर्नियरनं माप घ्यायला शिकणं बरं. सर्टिफिकेट मिळणार नाही, पण वस्तू कशी घडते ते तरी कळेल.

संशोधनाची ओढ असेल तर गोष्ट वेगळी. इस्रोचा 'युविका' हा उपक्रम 2019 पासून खास नववीच्या मुलांसाठी आहे. प्रवास, राहणं, जेवण सगळा खर्च इस्रोचा, आणि ग्रामीण शाळांतल्या मुलांना निवडीत जादा गुण. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या उन्हाळी उपक्रमात तर शाळकरी मुलं आठवडाभर शास्त्रज्ञासोबत प्रकल्प करतात. ठरलेला अभ्यासक्रम नाही, ग्रंथालय मोकळं, शेवटी अहवाल लिहायचा. मला हे भारीच आवडतं!

अमेरिकेत 1984 साली सुरू झालेला आरएसआय (रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट) हा शाळकरी मुलांचा संशोधन कार्यक्रम एमआयटीत भरतो: सहा आठवडे, शिकवणी फी शून्य. दुसरीकडे हजारो डॉलर घेऊन 'शोधनिबंध छापून देतो' म्हणणारेही आहेत. (तसली जाहिरात आली की मी फोन उलटा ठेवतो.)

आणि हो, युविकाचे अर्ज साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात. वार्षिक परीक्षेच्या गडबडीत नेमके तेच राहून जातात.