ब, व आणि वेलांटी: विशेष मुलांच्या वर्गातलं वाचन-लेखन

डिस्लेक्सियाबद्दलचं कुठलंही इंग्रजी पुस्तक उघडलं की बी आणि डीची अदलाबदल लगेच भेटते. तिच्यावरचे खेळ, तक्ते आणि गाणी भरपूर आहेत, आणि मराठी शाळांतही तीच फिरत असतात. मराठी वर्गातली अडचण मात्र निराळी. इथे ब आणि व, भ आणि म, घ आणि ध, थ आणि य या जोड्या मुलांना छळतात. सुटा छापलेला ख काहींना सरळ 'रव' दिसतो. ऱ्हस्व वेलांटी काढायची अक्षराच्या आधी आणि म्हणायची नंतर. र तर बहुरूपी आहे: कर्म, क्रम, राष्ट्र, तऱ्हा. शिवाय चाकातला च आणि चिमणीतला च लिहायला एकच, उच्चाराला दोन. हे सगळं बाजूला ठेवून बी-डीचा तक्ता भिंतीवर टांगला, तर भिंत सजते एवढंच.

या मुलांच्या अडचणींची दखल घ्यायला सुरुवात तशी लवकर झाली होती. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना परीक्षेत सवलती देण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने १९९६ मध्ये घेतला. १९९५ च्या केंद्रीय कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते आणि ही अक्षमता त्यांत नव्हती. ती आली २०१६ च्या कायद्यात, एकवीस प्रकारांच्या यादीत. त्याआधी २००७ मध्ये 'तारे जमीन पर'मधल्या ईशान अवस्थीने हा विषय घराघरात नेला होता. २०१५ मध्ये मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने भारतीय भाषांसाठी डिस्लेक्सियाच्या चाचण्यांचा 'दाली' हा संच आणला. पहिल्याच खेपेला त्यात मराठी होती. निदान आणि सवलत यांची सोय अशी हळूहळू होत गेली. वर्गात सोमवारी सकाळी नेमकं काय करून घ्यायचं, हा प्रश्न शिक्षकांकडेच राहिला.

त्याची काही उत्तरं लिपीतच सापडतात. इंग्रजी अक्षरं रेघेवर बसतात, देवनागरी रेघेखाली लोंबते. म्हणून वर्गात एक दोरी बांधावी आणि अक्षरांची कार्डं चिमट्यांनी तिला टांगावीत. शब्द तयार झाला की दोरी हीच त्याची शिरोरेघ. काना, मात्रा, वेलांट्या पारदर्शक प्लॅस्टिकवर काढून ठेवाव्यात. 'क'वर वेलांटीची पट्टी सरकवली की 'कि' होतो, उचलली की पुन्हा 'क'. बाराखडी म्हणून पाठ झालेली असते, पण तिच्यातला बदल होतो कसा, हे अनेक मुलांना असं हाताने करून पाहिल्यावर उमगतं.

कानाचं काम याच्याही आधीचं. रशियन मानसशास्त्रज्ञ एल्कोनिन मुलांकडून प्रत्येक ध्वनीसाठी एकेक सोंगटी सरकवून घ्यायचे. मराठीत सुरुवात अक्षरापासून करणं सोपं जातं. 'कमळ' म्हणताना तीन चिंचोके पुढे सरकवायचे, मग पहिला उचलायचा. उरलं काय? 'मळ'. 'चादर'मधून 'चा' गेला की 'दर'. 'मका' उलटा केला की 'काम'. ज्या मुलाला पुस्तक बघताच घाम फुटतो, तेही यात हिरिरीने उतरतं, कारण इथे वाचायचं काहीच नसतं. शब्दांच्या भेंड्या हा त्याच जातीचा खेळ. त्यात कुणालाही वेगळं बसवावं लागत नाही.

अक्षर बोटाने गिरवण्याची पद्धत अमेरिकेतून आली, असं प्रशिक्षणात बरेचदा सांगितलं जातं. ते अर्धंच खरं. पंतोजींच्या शाळेत मुलं धुळपाटीवरच अक्षरं गिरवत. आज ताटलीत रवा किंवा वाळू पसरून तेच होतं. मारिया माँटेसरींची खरखरीत कागदाची अक्षरंही जन्मली ती रोममध्ये मतिमंद ठरवलेल्या मुलांसोबतच्या त्यांच्या कामातून. पुढे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी मुलांसाठी माँटेसरीचं महागडं साहित्य बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, खडे वापरले. आजच्या विशेष शिक्षकाने धडा घ्यावा तो या काटकसरीचा.

अमेरिकेच्या ग्रेस फर्नाल्ड यांचं योगदान मात्र वेगळं आहे आणि ते नेमकं विसरलं जातं. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी चालवलेल्या शाळेत मूल बोटाने शब्द गिरवत, तोंडाने म्हणत शिकायचं. १९४३ च्या त्यांच्या पुस्तकात ही रीत सविस्तर आली आहे. पण कोणता शब्द गिरवायचा, हे मूलच ठरवायचं. त्या शब्दातून ते आपली गोष्ट लिहायचं, ती टंकलिखित होऊन त्याच्या हातात यायची आणि तेच त्याचं वाचनाचं पुस्तक व्हायचं. आपल्याकडे गिरवणं आलं, निवड मागेच राहिली. 'कमळ' आणि 'बदक' गिरवून कंटाळलेल्या मुलाला 'बुलडोझर' लिहायचा असेल, तर तो अवघड म्हणून टाळण्यात काही शहाणपण नाही.

लेखन म्हणजे फळ्यावरचं उतरवून घेणं, ही समजूत तर सगळ्यांत चिवट. पानभर सुबक उतरवणारं आणि त्यातला एकही शब्द न वाचता येणारं मूल अनेक विशेष शिक्षकांच्या ओळखीचं असतं. हाताचं वळण आणि मनातलं मांडणं या दोन गोष्टींचा सराव वेगळाच हवा. हातासाठी शेंगा सोलणं, कणीक मळणं, चिमटे लावणं ही कामं आहेत. खडूचा अगदी छोटा तुकडा दिला की तो मुठीत धरताच येत नाही, बोटं आपोआप चिमटीत येतात. व्यवसायोपचाराची ही दृष्टी भारतात आणली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन असलेल्या या बाईंनी १९५० मध्ये मुंबईत या विषयाचं पहिलं विद्यालय सुरू केलं. फलटणचं कमला निंबकर बालभवन त्यांच्याच नावाचं. मराठी वाचन शिकवण्याच्या पद्धतीवर मॅक्सीन बर्नसन यांनी तिथे मोलाचं काम केलं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांच्या शाळा आपल्याकडे जुन्या आहेत. मुंबईची जय वकील शाळा १९४४ ची, पुण्याची कामायनी १९६४ ची. अशा वर्गांत वाचन म्हणजे 'धोका', 'थांबा', 'स्त्रिया', 'पुरुष' असे उपयोगाचे शब्द, हा विचार बराच काळ रुळला. हे शब्द यायलाच हवेत. पण 'धोका' वाचून कुणाला वाचनाची गोडी लागल्याचं ऐकिवात नाही. ब्रिटनमध्ये लेस्ली डफन यांनी डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या चिमुकल्या मुलीला, सॅराला, शब्दांच्या कार्डांवरून वाचायला शिकवलं. १९८० च्या सुमारास मानसशास्त्रज्ञ स्यू बकली यांनी त्यावरून संशोधन हाती घेतलं. अशा मुलांना शब्दाचं चित्र अनेकदा ध्वनीपेक्षा आधी पकडता येतं. क्रम साधा: सारखी कार्डं जुळवायची, सांगितलेलं कार्ड उचलायचं, मग स्वतः वाचायचं. शब्द घरातले घ्यावेत: आजी, रिक्षा, पोहे, मोती कुत्रा. फोटो चिकटवून, खाली एकेक वाक्य लिहून दहा पानांची वही शिवली की ते पुस्तक मूल रोज स्वतःहून उघडतं.

ब्रेलमध्ये तर मराठीचे निम्मे खड्डे बुजलेलेच असतात. १९५१ मध्ये स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये स्वरचिन्ह नेहमी व्यंजनानंतर येतं. 'कि' म्हणजे आधी क, मग इ, अगदी उच्चाराच्या क्रमाने. जोडाक्षरात मात्र हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते. डोळस शिक्षक नेमका तिथे अडखळतो, अंध मुलाला त्याचं काही वाटत नाही. त्याची परीक्षा वेगळी: पाटीवर टोच्याने लिहायचं उजवीकडून डावीकडे आणि कागद उलटून वाचायचं डावीकडून उजवीकडे. सुरुवातीला अंड्यांच्या ट्रेचा सहा खळग्यांचा तुकडा आणि लिंबं पुरतात. लिंबू कोणत्या खळग्यात आहे हे चाचपून अक्षर ओळखायचं. शिकल्यानंतर वाचायला काय, हाही प्रश्न होताच. स्वागत थोरात यांनी १५ फेब्रुवारी २००८ रोजी सुरू केलेलं 'स्पर्शज्ञान' हे मराठी ब्रेल पाक्षिक त्यासाठी महत्त्वाचं ठरलं.

कर्णबधिर मुलांचं अडतं ते अक्षरांपाशी नाही, प्रत्ययांपाशी. 'राम आंबा खाल्ला' असं मूल लिहितं, कारण 'ने' त्याने कधी ऐकलेला नसतो आणि खुणांच्या भाषेत त्याला वेगळी जागा नसते. मंडईत जाऊन यायचं, फोटो क्रमाने लावायचे, प्रत्येकाखाली वाक्य बांधायचं आणि ने, ला, चा, त या प्रत्ययांच्या रंगीत पट्ट्या मुलाने स्वतः योग्य जागी चिकटवायच्या. याला वेळ लागतो, पण व्याकरणाच्या तक्त्याने जे होत नाही ते यातून होतं.

ज्यांना पेन्सिल धरता येत नाही आणि बोलताही येत नाही, त्यांच्यासाठी आयआयटी मुंबईत तयार झालेलं 'जेलो' हे चित्रांवरून संवाद साधणारं ॲप मराठीतही आहे. चित्रांनी मागणं मांडता येतं, पण नवा शब्द लिहायला अक्षरंच लागतात. इंग्रजी मुळाक्षरं सव्वीस, ती एका फळ्यावर मावतात. अख्खी बाराखडी मावत नाही. म्हणून एका पानावर व्यंजनं, दुसऱ्यावर स्वरचिन्हं अशी उलटायची वही करावी. शिक्षकाने ओळीमागून ओळ दाखवायची, मुलाने नजरेने किंवा मानेने होकार द्यायचा.

दहावीच्या वर्षी लेखनिक मिळतो. लेखनिक घेणाऱ्याला तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळावीत, असं केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांनी २०१८ मध्ये सांगितलं. पण उत्तर बोलून लिहवून घेणं ही शिकण्याचीच बाब आहे, आणि तिचा सराव बहुतेक शाळांत परीक्षा तोंडावर आल्यावर सुरू होतो. तो पाचवीपासून घ्यायला हवा. दोघांची जोडी करायची. एकाने सांगायचं, दुसऱ्याने बोललेलं तेवढंच लिहायचं, स्वतःचं काही घालायचं नाही. मग वाचून दाखवायचं. सांगणाऱ्याने 'इथे पूर्णविराम', 'हे वाक्य खोड', 'मला असं म्हणायचं नव्हतं' असं म्हणत ते दुरुस्त करून घ्यायचं आणि पानाखाली स्वतःचं नाव घालायला सांगायचं.